गुडघ्यातलं पहिलं पाणी

या बुधवारी एकही मूल आलं नाही.

सकाळी नऊलाच मी पाण्याचं भांडं तापत ठेवलं होतं. स्प्लिंटचं प्लास्टिक गरम पाण्यात बुडवलं की मळलेल्या कणकेसारखं मऊ पडतं. ते मुलाच्या मनगटावर ठेवायचं, हलक्या हातानं दाबून धरायचं आणि घट्ट होईपर्यंत काहीबाही बडबडून मुलाला गुंतवायचं, की सांध्याला आधार देणारा साचा तयार. मिरजेच्या या दवाखान्यात सतरा वर्षं मी हेच करत आले आहे. एके काळी बुधवारी बाहेरच्या बाकांवर टेकायला जागा नसायची. जत, तासगाव, चिकोडी, अथणी, कुठकुठून पोरं यायची आणि तीही आयांच्या कडेवर. आठ-नऊ वर्षांची घोडी कडेवर, कारण सकाळच्या वेळी पाय जमिनीला टेकवतच नसत. सगळे आम्हाला 'बुधवारची मुलं' म्हणायचे. 'आम्हाला' म्हणते आहे, कारण मीही त्यांतलीच. अकरा वाजता मी भांडं बंद केलं आणि पाणी ओतून दिलं.

आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, खोटं कशाला बोलू? ज्या दुखण्यानं माझं बालपण खाल्लं ते आता पोरांच्या वाट्याला येतं आणि महिन्याभरात निघूनही जातं. तरी त्या रिकाम्या बाकाकडे बघून, सगळं गाव दुसरीकडे राहायला गेलं आणि मी एकटीच मागे राहिले, असं वाटलं.

'लहान पोरांना कुठं संधिवात होतो का?' हे वाक्य मी सातव्या वर्षापासून ऐकत आले. शेजारणी म्हणत, हाडं वाढतायत. शाळेतल्या बाई म्हणत, कवायत चुकवायची नाटकं. कारण दुपारी मी चांगली धावायचे आणि सकाळी मात्र मला आईनं ऊन पाण्याच्या बादलीत हात धरून बसवावं लागे, तेव्हा कुठे वेणीला रिबन बांधण्याइतकी बोटं सुटायची. आमच्या डॉक्टर केळुस्करबाई पहिल्या, ज्यांनी माझा गुडघा हातात घेतला आणि आईला सांगितलं, "पोरगी खरं बोलतेय." त्या एका वाक्यासाठी मी त्यांच्यावर जन्मभर जीव टाकला.

आता जरा शास्त्र. आपल्या शरीरातल्या संरक्षक पेशींना स्मरणशक्ती असते, म्हणून तर एकदा दिलेली लस वर्षानुवर्षं पुरते. आमच्यासारख्यांच्या शरीरात काही पेशी चुकीचा धडा गिरवतात. त्या स्वतःच्याच सांध्याच्या अस्तराला शत्रू समजतात आणि तिथंच घर करून राहतात. औषधानं त्या झोपतात, मरत नाहीत. म्हणून तर पाच वर्षं गुण्यागोविंदानं राहिलेला डावा गुडघा एका सकाळी टम्म फुगतो, आणि फुगतो तोही डावाच.

गेल्या सहा-सात वर्षांत जो विसर-उपचार आला, तो या आठवणीवरच घाव घालतो. दुखण्याच्या पहिल्या दिवसांत, कुठलंही औषध सुरू करण्याआधी, सांध्यातलं पाणी काढतात. त्या पहिल्या पाण्यात चुकार पेशी मोजक्याच असतात आणि स्पष्ट ओळखू येतात. मग त्याच मुलाच्या रक्तातल्या शांतता राखणाऱ्या पेशींना त्या चुकारांची ओळख पटवून परत टोचतात. त्या सांध्यात जातात आणि चुकारांना कायमचं गप्प करतात. दोन इंजेक्शनं, की मूल सायकलवर.

आमच्या पिढीला याचा उपयोग नाही. तीस वर्षांच्या दुखण्यानं आणि औषधांनी आमच्या सांध्यांत इतकी गर्दी झाली आहे की त्यातून पहिला गुन्हेगार हुडकणं अशक्य. त्यासाठी तेव्हाचं पहिलं पाणी हवं, आणि ते कुणी कशाला जपून ठेवेल?

केळुस्करबाईंनी ठेवलं होतं. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी दूध संघाची गाडी गावोगाव द्रव नायट्रोजन पोचवायची. बाईंनी त्या गाडीच्या चालकाला पटवलं होतं. दर शुक्रवारी तो आधी आमची, मुलांच्या पहिल्या पाण्याच्या नळ्या गोठवून ठेवलेली टाकी भरायचा आणि मग म्हशींकडे जायचा. आज ना उद्या कुणाला तरी हे लागेल, असं बाई म्हणत. लोक हसायचे. बाई जाऊन नऊ वर्षं झाली, टाकी मात्र भरतेच आहे.

माझ्या उजव्या मनगटानं आता पार दगा दिला होता. पुढच्या महिन्यात ऑपरेशन करून ते कायमचं जोडून टाकायचं ठरलं होतं. दुखणं थांबलं असतं, पण मनगट पुन्हा वळलं नसतं. अशा वेळी वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतल्या डॉ. स्वरूपा मगदूम म्हणाल्या, "केतकीताई, बाईंच्या टाकीत तुमची नळी आहे. उघडून बघू या?" आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

त्या रिकाम्या बुधवारी दुपारी त्यांनी मला वर बोलावलं. स्वरूपांचा चेहरा उतरला होता.

"ताई, पेशी जिवंत आहेत. पहिल्या पेशीसुद्धा सापडल्या, अगदी स्वच्छ. पण..."

"पण काय?"

"या तुमच्या नाहीत. डीएनए जुळत नाही. नळीवर तुमचं नाव आहे, पण पाणी दुसऱ्याच कुणाचं तरी आहे." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "कधी घोटाळा झाला, कुणाला माहीत. वितळवलेली नळी परत गोठवता येत नाही. शनिवार संध्याकाळपर्यंत टिकेल, मग टाकून द्यावी लागेल."

घोटाळा कधी झाला ते मला माहीत होतं. मला त्या खोलीतल्या हिरव्या पडद्याचा रंगसुद्धा आठवत होता.

मी सात वर्षांची होते आणि तहसीन आठची. तिचे वडील इथल्याच तंतुवाद्यांच्या गल्लीत तानपुरे करायचे. बुधवारी जी आधी येईल तिनं बाकावर रुमाल टाकून दुसरीची जागा धरायची, हा आमचा नियम. त्या दिवशी दोघींच्या गुडघ्यांतलं पाणी काढलं होतं आणि आम्ही शेजारशेजारच्या पलंगांवर होतो. मुलांची भीती जावी म्हणून बाईंची एक पद्धत होती. नर्स नावाची पट्टी लिहून द्यायची आणि ती नळीवर मुलानंच चिकटवायची. 'आपलं पाणी, आपलं नाव, आपल्या हातानं.' बाई पट्ट्या आमच्या हातात देऊन क्षणभर बाहेर गेल्या, तेवढ्यात तहसीन कुजबुजली, "आपण बदलू."

"कशाला?"

"डोक्याला डोकं आपटलं की परत आपटतात की नाही, शिंगं येऊ नयेत म्हणून? तसंच. तुझं दुखणं माझ्या नावावर, माझं तुझ्या. मग दोघींना अर्धं अर्धंच दुखेल."

मला ते फार पटलं. मी तिची पट्टी माझ्या नळीवर लावली, तिनं माझी तिच्या नळीवर. बाईंनी परत आल्यावर विचारलं, "नीट लावलंत ना गं?" मी हो म्हटलं. खोटं बोलताना मी कानाची पाळी धरते, तशी धरलीही असेन. बाईंनी बघितलं नाही.

पुढे काही दिवस खरंच कमी दुखलं. आमचा त्या युक्तीवर गाढ विश्वास बसला, आणि मग आम्ही ती विसरूनही गेलो.

स्वरूपांसमोर बसल्या बसल्या माझ्या मनात आधी काय आलं असेल? स्वतःचाच विचार आला. माझं पाणी तहसीनच्या नावानं त्याच टाकीत असणार! मी तशीच खाली गेले आणि बाईंची जुनी नोंदवही काढली. तहसीनच्या नावापुढे बाईंच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'नळी संपली. औषधाच्या निवडीसाठी तपासणी. वडिलांच्या आग्रहावरून पुन्हा तपासणी.' शेजारी तारीख होती, मी पंधरा वर्षांची होते त्या वर्षाची.

मी ते दोनदा वाचलं.

त्या वर्षी एक नवं औषध आलं होतं. ते सगळ्यांना लागू पडत नसे. आधी तपासणी व्हायची आणि एक विशिष्ट खूण सापडेल त्यालाच औषध. आम्हाला वाटलं रक्त तपासतायत. जुन्या नळ्यांतलं गोठलेलं पाणी न वितळवता थोडं थोडं खरवडून घेतलं होतं, हे मला आज कळत होतं. खूण माझ्या नावाच्या नळीत सापडली होती. औषध मला मिळालं. तहसीनला नाही.

आणि ते मला लागूच पडलं नाही. सहा महिने सुया टोचून घेतल्या, फरक शून्य. केळुस्करबाई चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या होत्या, "पाणी हो म्हणतंय आणि पोर नाही म्हणतेय. असं कसं?" शेवटी बंद केलं. तोवर तहसीननं बुधवारी यायचं सोडलं होतं. विसाव्या वर्षी तिचा एक खुबा बदलला, पुढे दुसरा, हे मला इतरांकडून कळत गेलं. मी गेले नाही. जी गोष्ट तिला हवी होती ती मला मिळाली आणि मी वाया घालवली, कुठल्या तोंडानं जायचं? तिचं घर दवाखान्यापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. तेवीस वर्षं मला ती पंधरा मिनिटं सापडली नाहीत.

आता वर प्रयोगशाळेत तिचं पहिलं पाणी उघडून ठेवलेलं होतं आणि ते कुणाचं हे जगात फक्त मला ठाऊक होतं. मी गप्प बसले असते तर शनिवारी ते टाकून दिलं असतं आणि विषय संपला असता. सांगायचं म्हटलं तर सगळंच सांगावं लागणार होतं, खुब्यांसकट. गुरुवार मी कपाट आवरण्यात घालवला. जुने स्प्लिंट निघाले, बोटभर लांबीचे, कुणी त्यावर फुलपाखरू रंगवलेलं, कुणी चंद्र. ते पुसून परत ठेवले. तहसीनच्या स्प्लिंटवर मी रेषा आखून दिल्या होत्या, तानपुऱ्याच्या चार तारा. तो मात्र सापडला नाही. शुक्रवारी सकाळी चप्पल घातली.

तंतुवाद्यांची गल्ली तशीच आहे. ओसरीवर वाळत ठेवलेले भोपळे, लाखेचा वास, कुठूनतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडल्याचा आवाज. तहसीन दुकानात उंच खुर्चीवर बसून जवारी काढत होती. तानपुऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानसेनं किंचित किंचित घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं, आवाज उमलेपर्यंत. कानसेच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती. जाड मूठ दुखऱ्या बोटांना धरवते, ही बाईंची शिकवण. लहानपणी आमच्या पेन्सिली, चमचे, दातांचे ब्रश, सगळ्यांना ट्यूब असायची.

"काय गं केतके," ती मान वर न करता म्हणाली, "आज कशी वाट चुकलीस?"

"ओळखलंस?"

"चाल ऐकली की. डावा पाय अजून तसाच टाकतीस. बस."

मी बसले. चहा आला. दोघींनी कप एकाच तऱ्हेनं उचलले, दोन्ही तळव्यांत धरून. ती हसली आणि मला तिची आठ वर्षांची दंतपंक्ती दिसली. मग मी सांगायला सुरुवात केली. नळ्या, पट्ट्या, औषध, तिच्या वडिलांनी मागून घेतलेली दुसरी तपासणी, वर उघडून ठेवलेलं पाणी. एका दमात सांगितलं, नाहीतर जमलं नसतं.

ती कानस चालवत राहिली. मग थांबली.

"परत सांग."

मी परत सांगितलं.

"अब्बा मरेपर्यंत म्हणत होते," ती हळूहळू बोलली, "मशीन चुकलं, माझी पोरगी नाही चुकली. आणि मी त्यांना गप्प करायची. म्हणायची, अब्बा, आपल्या नशिबात नाही, आता पुरे. शेवटी शेवटी तर चिडायची त्यांच्यावर." तिनं घोडी खाली ठेवली. "म्हणजे ते बरोबर होते."

"होय."

"माझे खुबे वाचले असते."

"कदाचित."

"कदाचित नको म्हणू. वाचले असते."

"वाचले असते," मी म्हटलं.

ती रडली नाही. भिंतीला टेकवलेल्या तानपुऱ्यांकडे बघत बसली. मला तिनं दुकानाबाहेर काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

"बदलायची आयडिया कुणाची होती?" तिनं एकदम विचारलं. "मला पडदा आठवतोय. पट्ट्या आठवतायत. बाकी धूसर आहे."

हे ओझंही हिच्याच अंगावर टाकायचं? मी म्हटलं, "माझी."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"आणि तुझं पाणी?" तिनं विचारलं.

"संपलं. तुझ्या नावावर. दोनदा तपासण्यात."

"म्हणजे मी बरी होणार आणि तू नाही?"

"खुबे परत येणार नाहीत. पण हात वाचतील. नवं काही बिघडणार नाही."

तिनं कानस फडक्यात गुंडाळली. "रिक्षा बोलाव," ती म्हणाली, "माझ्याच्यानं एवढं चालवत नाही."

दवाखान्यात स्वरूपांनी तिच्या गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून घेतला. तासाभराचं काम होतं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. तहसीननं बाकाच्या कडेवरून हात फिरवला आणि विचारलं, "पोरं कुठं गेली सगळी?"

"बरी झाली."

"सगळी?"

"जवळजवळ."

"बरंय की," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पण किती मजा यायची गं इथं." मी मान हलवली. ज्या जागेवर आम्ही इतकं रडलो त्या जागेबद्दल असं दुसऱ्या कुणाला सांगून पटलं नसतं. तिला सांगावं लागत नव्हतं, म्हणून मला भरून आलं.

स्वरूपा धावतच बाहेर आल्या. "जुळलं! ताई, जुळलं!" जीव भांड्यात पडला. त्या आम्हा दोघींना आत घेऊन गेल्या. टेबलावर ती नळी होती, माझ्या नावाची पिवळी पडलेली पट्टी अजून तिच्यावर. शेजारी नवी छापलेली पट्टी. बाईंची पद्धत अजून चालू आहे. स्वरूपांनी पट्टी तहसीनसमोर सरकवली. "आपलं नाव आपल्या हातानं."

तहसीनला पट्टीचा कागद सुटेना. नख आत जाईना, बोट वाकेना. मी घेतली, माझा अंगठा तर त्याहून निकामी. स्वरूपा मदतीला पुढे झाल्या तशी तहसीन म्हणाली, "थांबा हो डॉक्टर, आम्ही करतो." मी डाव्या मुठीनं कागद टेबलावर दाबून धरला, तिनं वाकड्या बोटाच्या नखानं कोपरा उचकटला. चार हात, त्यांत धड एकही नाही. दुसऱ्या खेपेला पट्टी सुटली.

"केतके," ती पट्टी बोटाला चिकटलेली तशीच धरून म्हणाली, "ती आयडिया माझी होती."

मी पट्टीचा सुटलेला कागद टेबलावरून बाजूला सारला.

"दुकानात तू 'माझी' म्हणालीस आणि कानाची पाळी धरलीस. तेव्हाच आठवलं सगळं. शिंगंबिंगं. अर्धं अर्धं." आता तिचे डोळे भरले होते. "आता तुझं अख्खं तुलाच दुखणार गं."

"दुखू दे की. माझंच आहे."

तिनं पट्टी नळीवर लावली. वाकडी लागली. मी ती अंगठ्यानं दाबून बसवली आणि स्वरूपांनी नळी उचलायच्या आधी दोनदा वाचून घेतली.

"आज रक्त घेऊन लगेच काम सुरू करते. पहिलं इंजेक्शन बुधवारी," स्वरूपा म्हणाल्या.

रिक्षात बसल्यावर तहसीननं हात बाहेर काढला. "बुधवारी बाकावर माझी जागा धर. रुमाल टाक."

"अगं, आता कुणी येत नाही. बाक रिकामाच असतो."

"तरी टाक."

बुधवारी मी साडेआठलाच आले आणि रुमाल टाकला.